दुसऱ्या ऑपरेशनचं स्थळ

एसटीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला गुपचूप कुठेही जाता येत नाही. सावलीहून नागपूरला निघालो तर मूलच्या स्टँडवर दोन ड्रायव्हर ओळखीचे, सिंदेवाहीला कंट्रोलर ओळखीचा, नागभीडला चहावाला ओळखीचा, आणि उमरेडला नुसतं पाणी प्यायला उतरलो तरी कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवून विचारणार, भाऊ, आज ड्युटी नाई का? म्हणून मी या वेळी खासगी गाडी ठरवली. तिथंच चुकलो. बसने गेलो असतो तर फक्त अर्ध्या जिल्ह्याला कळलं असतं.

लपवण्यासारखं काय होतं ते आधी सांगतो. चार वर्षांपूर्वी माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा मी एकशे अठ्ठावीस किलोचा कंडक्टर होतो. कंडक्टरचं काम गाडीच्या मधल्या वाटेने पुढून मागे जाण्याचं असतं आणि ती वाट माझ्यासाठी केलेली नव्हती. मी पुढच्या चार रांगांपर्यंत पोहोचत असे. मागचे पैसे हातोहात पुढे येत, तिकिटं हातोहात मागे जात. शेवटच्या सीटवर रोज बसणाऱ्या काही लोकांनी मला वर्षानुवर्षं नुसतं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. पुढे गुडघे बोलायला लागले आणि साहेबांनी मला गडचिरोलीच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं. खिडकीतून फक्त तोंड दिसतं, त्यामुळे प्रवाशांना मी बरा वाटायचो.

ते पहिलं ऑपरेशन मी चोरून केलं नाही. वाजतगाजत केलं. निघायच्या आदल्या दिवशी घरी इतकी माणसं आली की एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला वाटलं, मी रिटायर झालो. डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवली. दीड वर्षात मी एक्याण्णव किलोवर आलो. जुन्या पँटच्या एका पायात माझे दोन्ही पाय घालून काढलेला फोटो डेपोच्या ग्रुपवर फिरला. लोक आपापल्या जाड मेहुण्यांना घेऊन मला दाखवायला येऊ लागले. मोहर्लीच्या गेटमधून जंगलात गेलेल्या माणसाला वाघ दिसेलच याची खात्री नसते. माझ्याकडे आलेला माणूस मात्र कधी निराश होऊन परत गेला नाही.

मग वजन परत यायला लागलं. गेलं होतं त्या वाटेनेच, रोज थोडं थोडं, घरच्यासारखं. शंभर झालं तेव्हा मी काट्याला दोष दिला. एकशे दहा झालं तेव्हा थायरॉइडला. एकशे एकोणीसला पोहोचलो तेव्हा दोष द्यायला कोणी उरलं नाही. बंद झालेली शुगरची गोळी पुन्हा सुरू झाली. शिवाय एक नवीन दुखणं लागलं: आडवा झालो की छातीत आग आणि घशाशी आंबट पाणी. वर्षभर मी आरामखुर्चीत बसून झोपत होतो, म्हणजे चौकशीच्या खिडकीत जसा दुपारी झोपतो तसाच, पण बायकोच्या देखरेखीखाली.

नागपूरच्या एका दुसऱ्या डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं की असं होतं, पुष्कळांचं होतं. दुसरं ऑपरेशन करता येतं, पण आधी येऊन तपासण्या करा. ते करावं की नाही, हाच माझ्यापुढचा प्रश्न होता. आणि करायचंच झालं तर कोणाला कळू द्यायचं नाही, हे मी प्रश्नाच्याही आधी ठरवून टाकलं होतं. ज्या माणसाच्या पँटचा फोटो जिल्हाभर फिरला, त्याने पुन्हा त्याच पँटमध्ये शिरल्याचं जाहीर करायचं तरी कसं? मी बायकोला म्हटलं, या खेपेस फक्त आपण दोघं. ती काही बोलली नाही. तिला पटलं, असं मी समजलो. लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाने अशी चूक करू नये.

तर गाडी. गल्लीतल्याच एका ओळखीच्या माणसाची ठरवली आणि त्याला बजावलं की कुठे बोलायचं नाही. तो बोलला नाही. त्याने फक्त आदल्या दिवशी सकाळी गाडी धुतली. आमच्या गल्लीत गाडी धुतली जाणं म्हणजे घरात लग्न नाहीतर मरण. माझी मोठी बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहते. ती हात पुसत आली आणि दारातूनच विचारलं, कुठी जाऊन राह्यला?

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाच्या तोंडात जे पहिलं येतं तेच बाहेर पडतं. माझा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, पुण्याला नोकरीला. घरात त्याच्या लग्नाचा विषय सुरूच होता. मी म्हटलं, "मुलगी पाहाले."

बाईचा चेहरा असा उजळला की मला स्वतःलाच क्षणभर आनंद झाला. मग तिने विचारलं, कोण कोण जाऊन राह्यले? मी म्हटलं, आम्ही दोघं. तिचा चेहरा पडला. दोघं कधी मुलगी पाहायला जातात का? मुलीकडच्यांना काय वाटेल, याला भाऊबंद नाहीत का? तिने स्वतःचं नाव घातलं. झाले तीन. ती घरी गेली आणि तासाभराने आमच्या काकांना घेऊन परत आली.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. घराण्यातल्या चाळीसेक मुली त्यांनी पसंत केलेल्या आहेत. त्यात माझी बायकोही आली, त्यामुळे त्यांच्या निवडीविरुद्ध बोलण्याची माझी हिंमत नाही. त्यांनी खुर्चीत बसून हिशेब केला. शुभ-अशुभ आपण मानत नाही, बाबासाहेबांनी ते सगळं आपल्याला सोडायला लावलं, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं. मग म्हणाले, "पण तीन माणसं गेली तं पंचनाम्याले आल्यासारखी दिसते. चार गेली तं वसुलीले. मुलगी पाहाले पाचच पायजे."

पाचवे म्हणून भाऊजी, बाईचे यजमान, घेतले गेले. त्यांना कोणी विचारलं नाही. ते गेल्या पस्तीस वर्षांत कशालाच नाही म्हणालेले नाहीत.

मी बायकोकडे पाहिलं. ती डाळ निवडत होती आणि तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं वाटून मी जवळ गेलो. हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही निघालो. काका पांढऱ्या शर्टावर कोट घालून, खिशाला दोन पेनं लावून पुढे बसले. बाईने जरीची साडी नेसली होती. भाऊजींच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा, मुलीसाठी साडी आणि पोह्यांचा एवढा मोठा डबा. मी मागे, मधे. मागच्या सीटवर मी असलो की बाकीचे नुसते टेकलेले असतात. मूल येईपर्यंत काकांनी मुलीचं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, बी.एस्सी. सिंदेवाही येईपर्यंत बाईने तिची उंची विचारली. मी म्हटलं, मध्यम. दोन्ही बाजूंना पळस पेटले होते, रस्ता मोकळा होता, आणि माझ्या मनात एक मुलगी हळूहळू तयार होत होती. नागभीड जवळ आलं तेव्हा तिला एक लहान भाऊ होता आणि तिचे वडील पोस्टात होते. खरं सांगतो, मला ती आवडायला लागली होती.

अडचण वेगळीच होती. दुर्बिणीने पोट तपासायचं म्हणजे रात्रीपासून उपाशी, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. नागभीडला गाडी थांबली. बाईने डबा उघडला. कांदापोहे, वर शेव, बाजूला तर्री. मी म्हटलं, भूक नाही. बाईने दुर्लक्ष केलं, ती मला पन्नास वर्षं ओळखते. मग चहा आला. मी म्हटलं, चहा नको.

सगळे थांबले. भाऊजींच्या हातातली बशी अर्ध्यावर थांबली. आमच्या घराण्याच्या इतिहासात मी चहाला नाही म्हटल्याची नोंद नव्हती. चहावाला, जो मला वीस वर्षं ओळखत होता, तो भट्टी सोडून बाहेर आला. काकांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. बाईने माझं मनगट धरलं आणि आधी बायकोकडे, मग माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "खरं सांग. कुठी नेऊन राह्यला आमाले?"

मग मी सांगितलं. वजन, शुगर, खुर्चीतली झोप त्यांना माहीतच होती. माहीत नव्हतं ते दुसऱ्या ऑपरेशनचं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. आता बाई रडेल, काका रागावतील, अशी तयारी ठेवून मी शेवटपर्यंत बोललो आणि गप्प झालो. मग काका म्हणाले, "म्हंजे मुलगी नाईच?"

मी म्हटलं, नाई.

"बी.एस्सी. होती ना?"

तिथं बाई हसायला लागली. ती एकदा हसायला लागली की थांबत नाही. बाकावर बसली, पदर तोंडात धरला, तरी थांबेना. भाऊजींनी पाणी पुढे केलं तर हसू पाण्यासकट बाहेर आलं. बायको सुरू झाली. चहावाला काही न कळता सुरू झाला. मीही, उपाशीपोटी, टेबलाला धरून. फक्त काका गंभीर होते. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. त्यांनी कोट नीट केला आणि सांगितलं की पाच माणसं कपडे करून घरातून निघालेली आहेत, आता रिकामं परत जायचं नाही. मुलगी नसेल तर डॉक्टर पाहू. आणि माझे पोहे भाऊजींनी खाल्ले.

दवाखान्यात मला आत नेलं, घशावर काहीतरी कडू फवारलं आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. मग पांढरं पाणी प्यायला लावून फोटो काढले. हे चाललं असताना माझी मनापासून एकच इच्छा होती: माझी ती केळ्याएवढी पिशवी ताणून ताणून तांदळाच्या कट्ट्याएवढी झालेली निघावी. मग दोष शिलाईचा ठरेल, माझा नाही. मी डेपोच्या ग्रुपवर फोटो टाकू शकेन.

दुपारी डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. खोलीत पेशंटसाठी एक आणि नातेवाइकासाठी एक अशा दोन खुर्च्या होत्या. आम्ही पाचही आत गेलो. काका नातेवाइकाच्या खुर्चीत बसले आणि डॉक्टरबाईंनी फाईल उघडायच्या आत विचारलं, "मूळ गाव कोणतं, मॅडम?"

सवय. आणि डॉक्टरबाईही आमच्याच मुलखातल्या निघाल्या, कोरपन्याकडच्या. काकांनी दोन मिनिटांत त्यांच्या चुलत मामांना हुडकून काढलं, ते काकांबरोबर एका ट्रेनिंगला होते. मग काकांनी रीतीप्रमाणे पुढचं विचारलं. अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं तुम्ही किती केली? हात तुमचा स्वतःचा असतो की शिकाऊंचा? रात्री काही बिघडलं तर फोन कोण उचलते? आणि ज्यांचं नीट झालं नाही, त्यांचं काय झालं? मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. पण डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवून एकेक उत्तर दिलं, आणि मला एकदम जाणवलं की गेल्या वेळी यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता. मी फक्त किती दिवसांत किती किलो, एवढंच विचारलं होतं.

पिशवी तांदळाच्या कट्ट्याएवढी झालेली नव्हती. थोडी सैलावली होती, फार नाही. वरचं झाकण मात्र ढिलं पडलं होतं. त्यातून आंबट पाणी वर चढत होतं आणि अन्ननलिकेला आतून जखमा झाल्या होत्या. ते ऐकून बायको दाराजवळून एक पाऊल पुढे आली.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, दिवसभरात काय काय खाता?

मी खरं सांगितलं. सकाळी अर्धी पोळी. दुपारी मूठभर भात, एक फोड मासळीची. संध्याकाळी तेवढंच. त्याहून जास्त खाल्लं की दुखतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. हिशेब लागत नव्हता. एवढ्यावर एकशे एकोणीस होत नाही, त्या म्हणाल्या. त्या आवाजात कुठेतरी असं होतं की मी खोटं बोलतो आहे. आणि बाईला तिच्या भावाला कोणी खोटं म्हटलेलं चालत नाही.

"नाई मॅडम, तो खरं सांगून राह्यला. काहीच खात नाई बिचारा. पिऊनच राहते."

डॉक्टरबाई म्हणाल्या, काय पिऊन?

बाईने सांगायला सुरुवात केली, आणि मला ती चार वर्षं डोळ्यांसमोर दिसायला लागली. पहिल्या ऑपरेशननंतर सांगितलं होतं की महिनाभर सगळं पातळ. आमच्याकडे दुखणाईताला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. पण याला पातळच चालतं म्हटल्यावर सगळी सावली पातळाच्या मागे लागली. कोणी तुपाची धार सोडलेली भाताची पेज आणली, कोणी आंबील, कोणी शेवयांची खीर, कोणी उसाचा रस किटलीत. महिना संपला. डॉक्टरांनी आता साधं जेवण, डाळ, अंडं, मासळी, चावून चावून, असं लिहून दिलं. पण पातळ कसं सुरळीत खाली उतरत होतं, आणि भाकरीचा तुकडा अडून बसत होता. म्हणून पातळ चालूच राहिलं. पुढे आमच्या घरात एक शास्त्रच तयार झालं. पाण्याने कुठी वजन वाढते का, असं बाई म्हणायची. बुंदीचा लाडू खाल्ला तर लाडू. दुधात विरघळवून प्याला तर दूध. पुरणपोळी दुधात कुस्करली की ती पोळी राहत नाही. उन्हाळ्यात आमरस, त्याला तर देवानेच पातळ केलेलं आहे. आणि हे फक्त बाईचं शास्त्र होतं असं म्हणून मी सुटणार नाही. लाडू विरघळेपर्यंत चमच्याने ढवळत मीच बसत होतो. आइसक्रीम पूर्ण वितळायची वाट बघण्याइतका संयम माझ्या अंगी आहे, हे मला त्या चार वर्षांतच कळलं.

बाई सगळं सांगत होती, सकाळच्या खजूर घोटलेल्या दुधापासून रात्रीच्या खिरीपर्यंत, वेळेसकट, प्रेमाने. आपण भावाची बाजू मांडतो आहोत, अशा समाधानाने. मधे भाऊजींनी, आयुष्यात पहिल्यांदाच, आपणहून भर घातली: "चार वाजताचा उसाचा रस राह्यला."

डॉक्टरबाईंनी लिहिणं केव्हाच थांबवलं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि आम्हाला त्यांचे दात दिसले. बाई आधी त्यांच्याबरोबर हसली आणि मग हळूहळू थांबली. तिला कळलं होतं.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी इथं सरळ सांगतो. दुसरं ऑपरेशन केलं तर छातीची आग कमी होईल अशी त्यांना बरीच आशा होती, शुगरलाही फायदा होऊ शकेल. पण जुन्या शिलाईवर पुन्हा हात घालणं पहिल्यापेक्षा अवघड, धोका जास्त. आणि हे सगळं पातळ असंच चालू राहिलं, तर दुसऱ्या ऑपरेशननंतरही वजन परत येईल. म्हणून आत्ता काही ठरवायचं नाही. जखमांची औषधं घ्या, आहार सांगणाऱ्या बाईंकडे दर पंधरा दिवसांनी या, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. तेव्हाही आग तशीच असली तर ऑपरेशनचा विचार करू. आणि करायचं की नाही, हे तुम्ही सांगायचं, मी नाही.

काका उठले, हात जोडले आणि म्हणाले, "ठीक हाये मॅडम. आमी घरी जाऊन कळवतो." पेढ्यांचा पुडा त्यांनी टेबलावर ठेवला. साडीसुद्धा ठेवत होते, पण बायकोने हात धरला.

बाहेर आल्यावर काका आणि भाऊजी कॅन्टीन शोधायला गेले. बाई खिडकीशी उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. मी जवळ गेलो तर म्हणाली, मीच पाजलं ना रे. मी म्हटलं, पेला माझ्या तोंडाला होता, बाई. ती म्हणाली, आता लाडू पुरेच. आणि डोळे पुसून कॅन्टीनकडे गेली, कारण भाऊजी चुकीचं काहीतरी मागवतील अशी तिला खात्री होती.

बायको बाकावर बसली होती. लोखंडी, चार माणसांचं बाक. मी शेजारी बसलो. ती सबंध दिवसात फारसं काही बोलली नव्हती, आणि आता बोलली तीही समोरच्या भिंतीकडे बघत.

"कराचं का नाई, ते तुमी ठरवा. मी काई म्हणत नाई. पण चोरून कराचं नाई."

मी माझं पँटचं कारण सांगायला लागलो. तिने मला बोलू दिलं नाही.

"पयल्या टाइमले तुमी आत होते साडेतीन तास. झोपून होते. मी बाहेर होती. बाईनं माझा हात धरला होता. काका पेपर वाचून दाखवत होते, मले एक अक्षर समजत नव्हतं, तरी वाचत होते. तुमी चोरून करान, लोकायनं हासू नाई म्हणून. मंग मी या बाकावर कोणाजवळ बसू?"

मी इतका विचार केला होता. गाडीचा, रजेचा, खोट्या कारणाचा, कोणत्या रस्त्याने कोणत्या वेळेला जायचं त्याचा. साडेतीन तास ती कुठे बसेल, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

परतीच्या वाटेवर भिवापूर यायच्या आत मुलाचा फोन आला. बाईने आदल्या दिवशीच त्याला कळवलं होतं की तुझ्यासाठी नागपूरची बी.एस्सी. मुलगी आहे. तो बिचारा दिवसभर धास्तावून होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांसमोर त्याला खरं सांगितलं. त्याच्यामागे पुण्याचे हॉर्न वाजत होते. मग तो म्हणाला, "बरं झालं बाबा, मुलगी नाई ते. तुमची तारीख ठरली की सांगा, मी येतो." काकांनी पुढून वळून त्याला विचारलं की बरं झालं म्हणजे काय, तिकडे कोणी पाहून ठेवली आहे का? फोन कट झाला. सावली येईपर्यंत गाडीत त्याच विषयावर चर्चा होती आणि माझ्या पोटाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सावलीत मात्र मुलीची बातमी पसरलेली होती. पानठेल्यापाशी गाडी हळू झाली आणि पानवाल्याने खिडकीशी वाकून विचारलं, पसंत पडली का, भाऊ? मी काच पूर्ण खाली केली आणि म्हटलं, मुलगी नाही, पोट दाखवायला गेलो होतो. पहिलं ऑपरेशन फसलं, वजन परत आलं, आता दुसऱ्याचा विचार चालू आहे. सांगताना माझे कान गरम झाले. तो म्हणाला, वजन परत आलं ते आम्हाला दिसतेच ना भाऊ, आमी काय आंधळे हावो? आणि हातातल्या पानाला चुना लावत राहिला.

एवढंच. दोन वर्षं मी जे पोटात लपवत होतो ते पोटावर सगळ्यांना दिसत होतं. मला इतकं हलकं वाटलं की काट्यावर उभा राहिलो असतो तर तोही फसला असता. घरापर्यंत मी अजून चौघांना सांगितलं, त्यातल्या दोघांनी विचारलंही नव्हतं.

ते तीन महिने नेमके आंब्याचे निघाले. आमरस माझ्यासमोरून वाटीवाटीने जात होता आणि मी आंब्याची एक फोड, चावून, पंधरा मिनिटं. बाईने शपथ घेतल्यासारखं पातळ बंद केलं. माझ्यासाठी तिने उकडलेली अंडी धरली आणि आता अंडं हातात घेऊनच गल्ली ओलांडते. पंधरवड्याच्या खेपेला मी एसटीनेच जातो. उमरेडपर्यंत ड्रायव्हर, कंडक्टर, प्रवासी सगळे विचारतात, किती झालं? एकशे बारा. आग मात्र कमी झाली नाही. औषधाने जखमा भरतात, औषध थांबलं की उघडतात. गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी पुन्हा आत पाहिलं आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मला आडवं झोपायचं आहे, एवढंच मी त्यांना म्हटलं. बारीक व्हायचंच आहे म्हणा, पण आधी आडवं. पुढचा सोमवार ठरला.

भीती आहे. पहिल्यापेक्षा जास्त, कारण या वेळी काकांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मला माहीत आहेत. घरात मात्र लग्नघरासारखी गडबड आहे. मुलगा शनिवारी येतो आहे. डेपोतले तिघं रजा टाकून येतो म्हणतात. दवाखान्याने सांगितलंय की आत पेशंटबरोबर दोनच माणसं. बायकोकडे आतापर्यंत अकरा जणांची नावं आली आहेत. ती संध्याकाळी ओट्यावर बसून एकेकाला फोन करून समजावते, आणि समजावता समजावता दोन नवीन होकार देऊन बसते. काल मी तिला विचारलं, भेव लागते का?

"लागते ना," ती म्हणाली. "पण आता लागते म्हणून सांगता येते."

मग पुढचा नंबर लावला.